वायफाय फुल्ल आहे, मग इंटरनेट का नाही?



गेल्या महिन्यात सोलापूरच्या एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात : "ताई, मिक्सर, कुकर, शेगडी यांबद्दल तुम्ही वेळोवेळी लिहिता. आता एकदा भिंतीवरच्या त्या दिवे लुकलुकणाऱ्या डब्याबद्दल लिहा. आमच्याकडे इंटरनेट बंद पडले की मी पुण्याला मुलाला फोन करते. तो विचारतो, राउटर रीस्टार्ट केलास का, लाल दिवा आहे का, आयपी मिळतोय का. मला त्यातले ओ की ठो कळत नाही. दोन मिनिटांत त्याचा धीर सुटतो आणि तो म्हणतो, 'जाऊ दे आई, तू हात लावू नकोस. रविवारी आलो की बघतो.' मग रविवारपर्यंत ना बँकेचे काम, ना बहिणीशी बोलणे. वय एकसष्ट आहे, पण डोके शाबूत आहे. समजेल असे सांगाल का?"

सांगते, अगदी मनापासून सांगते. 'हात लावू नकोस' हे वाक्य आपल्या पिढीने फार ऐकले आहे. माझ्या लहानपणी फ्यूज उडाला की वडील कचेरीतून येईपर्यंत आम्ही अंधारात बसत असू. एके दिवशी आईने शेजारच्या काकांकडून मेन स्विच बंद करून फ्यूजची तार कशी घालायची ते शिकून घेतले. काम पाच मिनिटांचे होते. शिकायला मात्र लग्नानंतरची पंधरा वर्षे लागली, कारण तोवर तिला कोणी दाखवलेच नव्हते. इंटरनेटचेही तसेच आहे. शब्द परके आहेत, पण त्यामागची गोष्ट घरातलीच आहे.

आधी माझी फजिती

दोन वर्षांपूर्वीची ३० नोव्हेंबरची संध्याकाळ. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. हल्ली तो मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. म्हणून आम्ही दोघी निवांत राहिलो आणि शेवटच्या दिवशी दिवेलागणीला बसलो. मोबाइलच्या डोक्यावर वायफायची ती पंख्यासारखी खूण पूर्ण भरलेली होती. पण समोर काहीच उघडेना, चक्र आपले नुसते फिरते आहे. आक्का म्हणाली, "अगं, वायफाय तर फुल्ल आहे. म्हणजे तुझा मोबाइलच बिघडला." मग तिचा मोबाइल घेतला. त्याचेही तेच. मोबाइल बंद करून चालू केले, खिडकीत जाऊन उभ्या राहिलो, दाखला घेणाऱ्यांच्या नावाने बोटे मोडली. रात्री अकराला नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा आला. डब्याकडे पाहिल्या पाहिल्या म्हणाला, "मावशी, गच्चीवर तार तुटलीय. हा लाल दिवा कालपासूनच लागला असणार. वायफाय बंद करून मोबाइलचा डेटा चालू केला असतात तर तुमचं काम झालं असतं."

डेटा दोघींच्याही मोबाइलमध्ये होता. पैसे जातील या धास्तीने तो बंद ठेवायची आम्हाला सवय. अर्ध्या मिनिटाचे काम, आणि ते ठाऊक नसल्यामुळे आक्काचे डिसेंबरचे पेन्शन अडकले. दाखला दिल्यावर ते मिळाले हो, पण मधल्या महिन्यात औषधांचे पैसे तिला माझ्याकडून घ्यावे लागले. उभ्या आयुष्यात कोणाकडे हात न पसरलेल्या माझ्या बहिणीला ते किती लागले, ते मला माहीत आहे.

तेव्हा आज दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे एक ठेवा : वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे.

टाकी, नळ आणि नगरपालिका

घरात पाणी कसे येते ते डोळ्यांसमोर आणा. धरणाचे पाणी नगरपालिकेच्या मोठ्या नळातून येते, आपल्या टाकीत पडते, टाकीतून घरातल्या पाइपाने मोरीपर्यंत जाते आणि बादलीत पडते. आता मोरीतला नळ ठाकठीक आहे, पाइप नवा कोरा आहे, पण नगरपालिकेचे पाणीच आले नाही तर बादली भरेल का?

वायफाय हा घरातला पाइप. फरक एवढाच की तो दिसत नाही, रेडिओच्या लहरींचा असतो. मोबाइलवरची भरलेली खूण फक्त इतकेच सांगते की, मोबाइल आणि घरातला डबा यांचे छान जमले आहे. डब्याच्या पलीकडे काय चालले आहे, याची त्या खुणेला खबर नसते.

आता आपण मोबाइलपासून निघून बाहेरच्या दिशेने चालत जाऊ.

राउटर. हा दिव्यांचा डबा. घरातला मोबाइल, टीव्ही, मुलांचा संगणक यांना तो एकत्र जोडतो आणि त्यांची ये-जा बाहेर करून देतो. घरातल्या यंत्रांच्या या छोट्या गोतावळ्याला लॅन म्हणतात. तार लावून जोडले काय किंवा वायफायने जोडले काय, गोतावळा एकच.

मोडेम, किंवा फायबरची पेटी. बाहेरून आलेली तार जिथे संपते ती ही पेटी. हल्ली बऱ्याच घरी काचेच्या तंतूची तार येते, तिला फायबर म्हणतात. तिच्यातून वीज नव्हे तर प्रकाश येतो. पेटी त्या प्रकाशाची भाषा राउटरला समजेल अशी करून देते. पुष्कळ ठिकाणी राउटर आणि ही पेटी एकाच डब्यात असतात, म्हणून आपला गोंधळ होतो. या पेटीवर एलओएस अशी इंग्रजी अक्षरे आणि त्यांच्यापाशी एक दिवा असतो. तो लाल झाला की समजावे, बाहेरून प्रकाशच येत नाही. पाणी नगरपालिकेकडूनच बंद!

सर्विस प्रोव्हायडर. आपण जिला दरमहा पैसे भरतो ती कंपनी. म्हणजे आपली नगरपालिका.

सर्व्हर. बँकेचा हिशेब, रेल्वेचे तिकीट, हयातीचा दाखला, हे सगळे कुठल्या तरी मोठ्या संगणकावर असते. मागेल त्याला वाढणारा, म्हणून त्याला सर्व्हर म्हणायचे. आपला मोबाइल तिथे पंगतीला बसलेला पाहुणा. कधी कधी घरचे सगळे ठीक असते, पण तो सर्व्हरच बंद असतो. अशा वेळी बाकी सर्व गोष्टी उघडतात आणि तेवढी एकच उघडत नाही. तेव्हा डब्याला दोष न देता तासाभराने पुन्हा पाहावे.

आणि इंटरनेट म्हणजे काय? जगभरच्या अशा असंख्य लहानमोठ्या गोतावळ्यांना एकमेकांशी जोडणारे जाळे. त्याचा कोणी एक मालक नाही. आपल्या देशात ते सामान्य ग्राहकांना १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले.

पत्ता : वाड्याचा आणि खोलीचा

आता मुलाच्या त्या प्रश्नाकडे येऊ, 'आयपी मिळतोय का?' आयपी म्हणजे पत्ता. १९२.१६८.१.५ असा तो चार आकड्यांचा असतो, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. अशा पद्धतीने एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. सुरुवातीला एवढे खूप वाटले, पण जगात यंत्रे इतकी वाढली की पत्ते अपुरे पडले. म्हणून आता अधिक लांब पत्त्यांची आयपी व्ही सिक्स ही नवी पद्धतही वापरात आहे.

मग टंचाई असताना आपल्या घरातल्या चार मोबाइलना पत्ते मिळतात कसे? जुना वाडा आठवा. टपालाला वाड्याचा पत्ता एकच. आत बिऱ्हाडे मात्र दहा, आणि त्यांना आतल्या आत पहिली खोली, दुसरी खोली असे नंबर. पोस्टमन पत्रे दारात देई आणि मालकीणबाई ज्याची त्याला पोचवीत. राउटर म्हणजे या मालकीणबाई. बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता ठाऊक, आतल्या खोल्यांचे नंबर त्याच वाटून देतात. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असे आतले असतात. तुमच्या घरी आणि माझ्या घरी तोच नंबर असू शकतो, जशी पहिली खोली प्रत्येक वाड्यात असते.

नवे यंत्र घरात आले की राउटर त्याला आपणहून नंबर देतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. ते कधी चुकते. संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा की मालकीणबाईंनी नंबर दिलेलाच नाही. वायफाय एकदा बंद करून पुन्हा जोडावे. मुलगा जे विचारत होता, ते एवढेच.

नावावरून नंबर

आपण बँकेचे नाव लिहितो, आकडे लिहीत नाही. नावाचा पत्ता करून देणारी जी यंत्रणा आहे ती डीएनएस. टेलिफोनच्या डिरेक्टरीसारखी.

या डिरेक्टरीची एक गोष्ट आपल्याला आवडेल. इंटरनेटच्या आधी अमेरिकेत अर्पानेट नावाचे जाळे होते. त्यावरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी गेला. पाठवायचा होता 'लॉगिन' हा शब्द, पण एल आणि ओ ही दोनच अक्षरे पोचली आणि यंत्र कोलमडले. (तेव्हा पहिल्या झटक्यात जमले नाही तर वाईट वाटून घेऊ नका!) पुढे या जाळ्यावरच्या संगणकांची नावे आणि पत्ते यांची यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई, आणि ते काम पाहणाऱ्या गटाच्या प्रमुख एक बाई होत्या, एलिझाबेथ फाइनलर. शिक्षणाने त्या रसायनशास्त्राच्या. कोणाला नवा संगणक जाळ्यावर आणायचा असला की त्यांच्या गटाकडे नाव नोंदवायचे. संगणक वाढले तशी एका ठिकाणची यादी पुरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना केली. हल्ली आपण पाहतो ती 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' ही कुळे ठरवण्यातही फाइनलरबाईंच्या गटाचा हात होता. तेव्हा या जाळ्यातले काम बायकांचे नव्हे, असे घरात कोणी म्हणाले तर त्यांचे नाव सांगा.

फराळाचे सहा डबे

दिवाळीत परगावच्या लेकीला फराळ पाठवायचा आहे. एकच मोठे खोके पाठवले आणि हरवले, तर सगळाच फराळ गेला. त्यापेक्षा सहा डबे करावेत, प्रत्येकावर लेकीचा पत्ता आणि 'सहापैकी पहिला', 'सहापैकी दुसरा' असे लिहावे. कोणी एसटीने जाईल, कोणी रेल्वेने. मागेपुढे पोचले तरी लेक नंबर लावून घेईल. चौथा पोचला नाही तर फोन करील, "आई, चकल्यांचा डबा नाही आला," आणि आपण तेवढाच पुन्हा पाठवू.

इंटरनेटवर फोटो, पत्र, सिनेमा, काहीही असेच तुकडे होऊन जाते. त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. पत्ता पाहून डबे मार्गी लावण्याचा नियम म्हणजे आयपी, आणि नंबर लावून, हरवलेला डबा पुन्हा मागवून सगळे नीट पोचल्याची खात्री करण्याचा नियम म्हणजे टीसीपी. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट या नियमांवर चालू लागले, आणि आजही तेच नियम चालतात.

वेग : दोन प्रकारचे

कंपनीवाले सांगतात '१०० एमबीपीएस'. हा नळाच्या तोंडाचा आकार समजा, सेकंदाला किती पाणी पडते तो. यातला एक घोळ सांगून ठेवते. या १०० मध्ये मोजतात ते बिट, आणि फोटो-सिनेमाचे आकारमान मोजतात बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० ला ८ ने भागा. सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. तेही कागदावरचे, घरात चार जण वापरत असतील तर वाटणी होणारच.

दुसरी गोष्ट लेटन्सी. गीझरचा नळ सोडल्यावर गरम पाणी यायला जो वेळ लागतो ना, तो. नळ मोठा असूनही गरम पाणी उशिरा येऊ शकते. परदेशातल्या नातवाशी बोलताना आपण "जेवलास का?" विचारतो आणि त्याचे उत्तर थोडे थांबून येते, ते यामुळे. अशा वेळी मोठ्या वेगाचा महागडा प्लॅन घेऊन उपयोग होईलच असे नाही.

डबा कुठे ठेवावा?

दिवाणखान्याची शोभा जाते म्हणून पुष्कळ जणी राउटर लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या खणात दडवतात. तसे करू नका. लहरी धातूतून पलीकडे जात नाहीत आणि जाड भिंतीने क्षीण होतात. घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. फ्रिजमागे नको. मायक्रोवेव्हच्या शेजारीही नको. त्या भट्टीच्या लहरी आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी एकाच पट्ट्यातल्या आहेत, त्यामुळे भाजी गरम करताना नातवाचा वर्ग अडखळतो. राउटर दोन नावे दाखवत असेल आणि एकापुढे '५जी' असेल, तर ती ५ गिगाहर्ट्‌झची. जवळ बसून काम असेल तर ती वेगवान, दोन भिंती पलीकडे मात्र २.४ ची बरी. मोबाइल कंपनीच्या फाइव्ह-जीशी तिचा संबंध नाही.

फायबरची तार पडद्याच्या दांडीला गुंडाळू नका, मुडपू नका. आतली काच तुटते. निघालेल्या तारेच्या टोकात डोळा लावून पाहू नका. तो प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यांना चांगला नाही.

बंद पडले की काय करावे?

हे कापून फ्रिजवर चिकटवा.

१. डब्याचे दिवे लागले आहेत का? नसतील तर वीज, प्लग, बटण पाहा. झाडताना प्लग ढिला होतो.

२. लाल दिवा आहे का? असेल तर बिघाड बाहेरचा. कंपनीला फोन करा आणि स्पष्ट सांगा, "एलओएसचा दिवा लाल आहे." या एका वाक्याने पुढची अर्धी प्रश्नोत्तरे वाचतात. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

३. काम तातडीचे असेल तर मोबाइलचे वायफाय बंद करून डेटा चालू करा. त्या मोबाइलचे हॉटस्पॉट चालू केले तर संगणकही त्यावर चालतो. तेवढ्या वेळेपुरता मोबाइलच राउटर होतो.

४. लाल दिवा नसेल, तर दुसऱ्या मोबाइलवर पाहा. तिथे चालत असेल तर बिघाड पहिल्या मोबाइलचा. दोन्हीकडे नसेल तर डबा बटणाने बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि दोन-तीन मिनिटे वाट पाहा. याला रीस्टार्ट म्हणतात.

५. डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका! ते रीसेट. त्याने पासवर्डसकट सगळी मांडणी पुसली जाते आणि मग खरोखरच कोणाला तरी बोलवावे लागते.

कुलूपकिल्ली

राउटरला किल्ल्या दोन असतात. एक वायफायचा पासवर्ड, जो आपण पाहुण्यांना देतो. दुसरा डब्याच्या आतली मांडणी बदलण्याचा, तो कोणाला द्यायचा नाही. डबा बसवताना कंपनीने ठेवलेला हा दुसरा पासवर्ड बदलून घ्या आणि नवा वहीत लिहून कपाटात ठेवा.

बँकेच्या पानावर पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असते. त्याचा अर्थ, वाटेत कोणाला डबा उघडून पाहता येणार नाही. पण समोरचा दुकानदार प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. लबाडाच्या दुकानालाही कुलूप असू शकते. म्हणून नाव अक्षर न् अक्षर वाचा. आणि "तुमचे इंटरनेट दुरुस्त करतो, हे अॅप घ्या, आलेला नंबर सांगा," असा कोणाचा फोन आला तर सरळ ठेवून द्या. शंका असेल तर बिलावरच्या नंबरावर आपण स्वतः फोन करावा.

सोलापूरच्या ताई, एक सुचवू? इंटरनेट चालू असेल तेव्हाच, एखाद्या निवांत दुपारी, डब्यासमोर उभ्या राहा. कोणता दिवा कशाचा ते वाचा आणि सगळे ठीक असताना ते कसे दिसतात हे कागदावर लिहून ठेवा. एकदा वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर एखादे पान उघडून पाहा. पुढच्या वेळी मुलाला फोन कराल तेव्हा "बंद पडलंय रे" असे न म्हणता "एलओएस लाल आहे, तक्रार दिलीय, तोवर डेटावर काम चालवतेय" असे सांगा. रविवारी तो आला की पुरणपोळी खायलाच येऊ दे.

आणि आक्का? यंदा तिने १ नोव्हेंबरलाच सकाळी दाखला दिला. त्या वेळी आमच्या भागात वीज गेली होती आणि डबा काळाठिक्कर होता. मला फोन करून म्हणाली, "वायफाय नव्हतं गं. डेटावर केलं."